स्वास्थ्य, संस्कृती आणि सत्ता

१

उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या आरोग्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात ‘संस्कृती हेच औषध’ ही भूमिका गेली चाळीस वर्षे पुनःपुन्हा मांडली गेली आहे. कॅनडातील फर्स्ट नेशन्स, मेती आणि इन्युइट या समाजांत तरुणांसाठी जे स्वास्थ्य-कार्यक्रम चालतात त्यांतील पुष्कळ कार्यक्रम याच भूमिकेवर उभे आहेत. वस्तीतलीच एखादी तरुण कार्यकर्ती संयोजक म्हणून नेमली जाते. ती वडीलधाऱ्यांची मनधरणी करते, मुलांना नदीकाठी किंवा रानात शिबिराला नेते, ढोल, भाषा, शिकार, मासे सुकवणे, कातडे कमावणे हे सारे शिकवण्याची व्यवस्था लावते. दारू, नशा आणि आत्महत्या यांच्या तावडीतून मुले सुटावीत हा त्यामागचा हेतू. दवाखान्यातल्या गोळीने आणि समुपदेशकाच्या बंद खोलीत जे साधले नाही ते आजीच्या हाताखाली साधेल, अशी त्यामागची श्रद्धा.

ही श्रद्धा आपण कशी वाचायची, हा प्रश्न दलित चळवळीतील वाचकाला पडायलाच हवा. कारण संस्कृती या शब्दाशी आपले नाते सरळ नाही. त्या शिबिरात आजी नातवाला मूसचे कातडे कसे कमवायचे ते शिकवते आणि त्या कामाने मुलाच्या मनाला उभारी येते. आपल्याकडे १९२७ सालच्या महाडच्या परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, मृतमांस खायचे सोडले, आणि त्या सोडण्याने माणसे ताठ उभी राहिली. तिथे कातड्याला हात लावल्याने माणूस बरा होतो. इथे तो हात काढून घेतल्याने बरा झाला. मग संस्कृती हे औषध की विष? या प्रश्नाला ‘तिकडचे तिकडे, इकडचे इकडे’ असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण तसे केले तर दोन्हीकडचे काहीच कळणार नाही. त्या देशात या श्रद्धेचे काय झाले, ती कुठे खरी ठरली आणि कुठे सरकारी कागदावरचे रंगकाम झाली, हे तपासणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे.

२

प्रथम इतिहास पाहू. कॅनडाच्या सरकारने १८८४ साली कायद्यात दुरुस्ती करून पॅसिफिक किनाऱ्यावरील आदिवासींच्या पॉटलॅच या समारंभावर बंदी घातली. पॉटलॅच म्हणजे जन्म, विवाह, मृत्यू, वारसा यांची समाजासमोर नोंद करणारा, आणि यजमानाने आपली संपत्ती वाटून टाकून आपला मान सिद्ध करावयाचा समारंभ. जो जास्त देतो तो मोठा, ही त्याची रीत. साठवणुकीवर उभ्या असलेल्या गोऱ्या समाजाला ती रानटी वाटली यात नवल नाही. १९२१ साली क्वाक्वाकावाक्व लोकांनी एका बेटावर मोठा पॉटलॅच केला तेव्हा सरकारने खटले भरले, अनेकांना तुरुंगात पाठवले, आणि शिक्षा टाळायची असेल तर मुखवटे, ताम्रपट, वाद्ये हवाली करा असा सौदा केला. ती लूट ओटावा, टोरांटो आणि न्यूयॉर्कच्या संग्रहांत गेली. बंदी कायद्यातून गळली ती १९५१ साली. मुखवटे परत मिळवण्यासाठी तिथल्या लोकांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले, आणि १९८० साली अलर्ट बे येथे त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःचे सांस्कृतिक केंद्र उभे केले.

दुसरी गोष्ट निवासी शाळांची. सरकारचा पैसा आणि चर्चची व्यवस्था अशा भागीदारीत शंभराहून अधिक वर्षे या शाळा चालल्या. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून तिथे ठेवली गेली. स्वतःची भाषा बोलले की मार. १९०७ साली डॉ. पीटर ब्राइस या सरकारी डॉक्टरनेच या शाळांत क्षयाने मुले मरत असल्याचा अहवाल दिला होता. तो बासनात गेला. १९२० साली हजेरी सक्तीची झाली. त्या वेळी खात्याच्या मुख्य अधिकारपदावर असलेला डंकन कॅम्पबेल स्कॉट हा कॅनडाचा नामांकित कवी होता. मावळत्या, मरत्या आदिवासींविषयी हळव्या कविता लिहिणारा हा माणूस कचेरीत बसून आदिवासी हा वेगळा समाज म्हणून उरूच नये यासाठी कायदे कडक करीत होता. करुणेची कविता आणि नाशाची फाइल एकाच हाताने लिहिता येते. साहित्यातील ‘सहानुभूती’वर आपल्या समीक्षेने जो अविश्वास दाखवला त्याचा यापेक्षा सणसणीत पुरावा शोधून सापडायचा नाही.

शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या. पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली. सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ साली या साऱ्या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि ९४ शिफारशी केल्या.

आता भेद स्पष्ट होतो. तिथे सत्तेने संस्कृती हिरावली. इथे संस्कृतीच सत्ता होती आणि तिने माणूसपण हिरावले. तिथे ढोल वाजवणे हा गुन्हा होता. इथे ढोल, हलगी, सनई वाजवणे ही सक्ती होती. मालकाच्या लग्नात वाजवायचे आणि त्याच्या दारात उभे राहायचे नाही. म्हणून त्यांच्या मुलाला ढोल हातात घेतल्याने मुक्त झाल्यासारखे वाटते आणि आपल्या मुलाने हलगी खाली ठेवली तेव्हा तो मुक्त झाला. दोन्ही कृती वरवर उलट दिसतात. पण दोन्हींत एकच गोष्ट घडते: मी काय करायचे आणि काय करायचे नाही हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, असे माणूस सांगतो. औषधी गुण असेल तर तो या सांगण्यात आहे. ढोलाच्या कातड्यात तो शोधणाऱ्याच्या हाती कातडेच लागेल.

३

हा केवळ तर्क नव्हे. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिवासी तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८७ ते १९९२ या पाच वर्षांची, जवळजवळ दोनशे समूहांची नोंद त्यांनी पाहिली. ‘आदिवासी तरुण आत्महत्या करतात’ असे जे सरसकट बोलले जात होते ते त्यांनी प्रथम मोडून काढले. निम्म्याहून अधिक समूहांत त्या काळात एकाही तरुणाने जीव दिला नव्हता. बहुतेक मृत्यू मोजक्या समूहांत एकवटले होते. म्हणजे दोष रक्तात नव्हता, ‘आदिवासी मनात’ नव्हता. मग समूहासमूहांत फरक कशाने पडला?

त्यांनी सहा खुणा धरल्या. समूहाला स्वशासन आहे काय? जमिनीच्या हक्कासाठी तो लढला आहे काय? शाळा त्याच्या ताब्यात आहे काय? आरोग्यसेवा त्याच्या हातात आहे काय? पोलीस व अग्निशमन त्याचे स्वतःचे आहे काय? आणि सांस्कृतिक कार्यासाठी त्याची वास्तू आहे काय? ज्या थोड्या समूहांत या सहाही खुणा होत्या तिथे त्या पाच वर्षांत तरुणांची एकही आत्महत्या नव्हती. ज्यांत एकही नव्हती तिथे प्रमाण भयंकर होते. स्वशासनाचा परिणाम सर्वांत ठळक दिसला. पुढच्या, म्हणजे १९९३ ते २००० या काळाच्या अभ्यासातही हेच चित्र राहिले. तेव्हा आणखी दोन खुणा पुढे आल्या: कारभारात स्त्रियांचा मोठा वाटा आणि बालकल्याणाची व्यवस्था समूहाच्या हाती असणे. २००७ साली त्यांनी डार्सी हॅलेट यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मांडली: ज्या समूहांत निम्म्याहून अधिक लोक आपली भाषा बोलू शकत होते तिथे तरुणांच्या आत्महत्या फारच कमी किंवा मुळीच नव्हत्या.

या अभ्यासाला ‘सांस्कृतिक सातत्य’ असे नाव आहे, आणि याच नावाखाली तो कार्यक्रमांच्या अर्जांतून उद्धृत केला जातो. पण वाचकाने त्या सहा खुणा पुन्हा एकदा वाचाव्यात. त्यांत रूढ अर्थाने संस्कृतीची म्हणावी अशी एकच आहे. बाकी पाच सत्तेच्या आहेत. जमीन, शाळा, दवाखाना, पोलीस, कारभार! अर्थात खुणा आणि मृत्यू यांचा संबंध दिसला म्हणजे कार्यकारण सिद्ध झाले असे नव्हे. सहाही खुणा असलेले समूह थोडे आणि लहान होते हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही दिशा स्पष्ट आहे. ज्या मुलाला आपल्या समाजाच्या हाती उद्याचा कारभार दिसतो त्याला स्वतःचा उद्याही दिसतो. उद्या दिसला की जगावेसे वाटते.

आपल्या भाषेत स्वास्थ्य हा शब्द आहे. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. ज्याचा ठावच काढून घेतला त्याला स्वस्थ कर म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

४

एका वस्तीचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश कोलंबियातील अल्कली लेक ही एस्केतेम्क लोकांची वस्ती. साठच्या दशकात तिथे दारूने घर शिल्लक ठेवले नव्हते. १९७२ साली फिलिस चेल्सी या बाईने दारू सोडली, कारण तिची लहान मुलगी घरी यायला नकार देत होती. थोड्याच दिवसांत तिच्या नवऱ्याने, अँडी चेल्सीने, सोडली. तो वस्तीचा प्रमुख झाला. दोघांनी वस्तीत चोरटी दारू आणणाऱ्यांच्या वाटा अडवल्या, आणि अनुदानाचा पैसा दारूत जाऊ नये म्हणून रोख रकमेऐवजी किराण्याच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. आप्तांशी वैर घेतले, शिव्या खाल्ल्या. १९८५ पर्यंत बहुतांश वस्ती दारूमुक्त झाली, आणि त्या साली त्यावर निघालेला चित्रपट अनेक देशांतील आदिवासी वस्त्यांतून दाखवला गेला.

या कथेतला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी एका बाईने निर्णय घेतला. मग कारभार हाती घेतला. विसरलेले स्वेदगृहाचे विधी, ढोल, नृत्य या गोष्टी त्यानंतर, इतर समाजांतील जाणत्यांकडून शिकत परत आल्या. आणि नशा उतरल्यावर आणखी एक गोष्ट वर आली: निवासी शाळेत लहानपणी झालेले अत्याचार. दारूने जे झाकले होते ते शुद्धीवर आलेल्या माणसांना आठवू लागले. म्हणजे बरे होण्यात सुख आले आणि त्याबरोबर एक नवे दुःखही आले. पण ते दुःख आता एकट्याचे राहिले नाही.

अलास्कातील युपिक लोकांचा ‘कुंगास्विक’ हा दुसरा दाखला. कुंगास्विक म्हणजे साधनांची पेटी. विद्यापीठाचे संशोधक त्यात आहेत, पण कोणते धडे, कोणत्या ऋतूत, कोणी शिकवायचे हे वस्तीतले वडीलधारे ठरवतात. त्यातला एक धडा बर्फाचा आहे. गोठलेल्या नदीवर काठी आपटत, आवाज ऐकत, कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही हे मुले शिकतात. दारूविषयी व्याख्यान नाही, आत्महत्येविषयी भित्तिपत्रक नाही. स्वतःच्या डोळ्यांनी धोका ओळखायचा आणि बरोबरच्याला सांभाळायचे, एवढेच. तिथे संस्कृती सजावट म्हणून येत नाही. जगण्याचे ज्ञान म्हणून येते. ते ज्ञान त्या नदीवर उद्याही उपयोगी पडणार असते, म्हणून मुलाला ते खरे वाटते.

५

आता दुसरी बाजू. १९९८ साली कॅनडा सरकारने ३५ कोटी डॉलर देऊन निवासी शाळांच्या जखमांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन करविले. ते आदिवासींनी चालवले, आणि त्याच्या आधाराने देशभर शेकडो छोटे कार्यक्रम उभे राहिले. २००८ साली पंतप्रधानांनी डोळ्यांत पाणी आणणारी माफी मागितली, आणि २०१० साली त्याच सरकारने या प्रतिष्ठानाला पुढचा निधी दिला नाही. २०१४ साली ते बंद झाले. शंभराहून अधिक वर्षांची जखम आणि सोळा वर्षांची मलमपट्टी! स्कॉट साहेबांचे अश्रू आणि फाइल यांची परंपरा अशी खंडित झाली नव्हती.

अनुदानावर चालणाऱ्या संयोजकाची अवस्था आपल्याकडच्या कार्यकर्त्याला वेगळी सांगायला नको. मुलाचे मन उमलायला तीन वर्षे लागतात आणि अर्ज दर वर्षी करावा लागतो. आजीने कातडे कमावण्याचा दिवस पावसावर ठरतो आणि अहवालाची तारीख मार्चवर. किती मुले आली, किती सत्रे झाली, किती डबे वाटले, हे मोजले जाते. मुलाने त्या रात्री आईशी बोलणे केले की नाही हे कोणत्या रकान्यात लिहायचे? मग जे मोजता येते ते कार्यक्रमात वाढत जाते आणि जे औषध होते ते कमी होते.

याच ओढीतून संस्कृतीचा तयार संच निर्माण होतो. चार दिशा, चार रंग, शरीर-मन-भावना-आत्मा अशी मांडणी करणारे औषधचक्र १९८० नंतर पुस्तिकांतून सर्वत्र पसरले. ज्यांच्या परंपरेत ते होते त्यांच्यासाठी ते खोल आहे. पण ज्या किनाऱ्यावर, ज्या हिमप्रदेशात ते कधी नव्हते तिथेही ते भिंतीवर लागले. आदिवासी म्हणजे पिसे, ढोल आणि चक्र, ही गोऱ्यांची कल्पना आता आदिवासींच्याच शिबिरात आदिवासी मुलाला शिकवली जाण्याचा धोका उभा राहिला. निवासी शाळेने ‘तू कोण नाहीस’ हे शिकवले. तयार संच ‘तू कोण आहेस’ हे बाहेरून सांगतो. सांगणारा बदलला, ऐकणारा तोच.

अटावापिस्कॅटचा प्रकार याहून बोलका आहे. ऑन्टारिओच्या उत्तरेकडील सुमारे दोन हजार वस्तीचे हे क्री लोकांचे गाव. एप्रिल २०१६ मध्ये तिथे एका रात्रीत अकरा जणांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि गावाने आणीबाणी जाहीर केली. तातडीने समुपदेशक विमानाने आले. पण त्याआधीची गोष्ट काय? गावाच्या शाळेखाली १९७९ साली डिझेल मुरले होते. ती शाळा २००० साली बंद पडली आणि मुले वर्षानुवर्षे पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत शिकली. गावापासून सुमारे ९० किलोमीटरवर २००८ साली हिऱ्याची खाण सुरू झाली. त्याच साली शॅनन कूस्टाचिन ही आठवीतली मुलगी राजधानीत जाऊन मंत्र्याला भेटली आणि शाळा मागितली. पैसे नाहीत, असे उत्तर मिळाले. २०१० साली ती पंधराव्या वर्षी अपघातात गेली. तिच्या नावाने मुलांनी देशभर मोहीम चालवली, २०१२ साली संसदेने ठराव केला, आणि २०१४ साली शाळा उघडली. या मुलीने कोणताही स्वास्थ्य-कार्यक्रम मागितला नव्हता. तिने ऊब असलेली, विष नसलेली शाळा मागितली. माझ्या मते त्या गावातील सर्वांत मोठा स्वास्थ्य-कार्यक्रम तिनेच चालवला.

जानेवारी २०१६ मध्ये कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने निकाल दिला की वस्त्यांतील आदिवासी मुलांच्या कल्याणसेवांना कमी पैसा देऊन सरकारने भेदभाव केला. म्हणजे एका हाताने सरकार सेवा तोडत होते आणि दुसऱ्या हाताने ढोलाला अनुदान देत होते. डायन मिलियन या आदिवासी विदुषीने २०१३ साली आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवले: अन्यायग्रस्त समाजाला रुग्ण ठरवले की न्यायाचा प्रश्न उपचाराचा होतो, आणि हक्क मागणारा माणूस आधी बरा होऊन ये म्हणून परत पाठवला जातो.

६

साहित्याने या बाबतीत कार्यक्रमांपेक्षा अधिक सचोटी दाखवली आहे. मारिया कॅम्पबेल या मेती लेखिकेचे ‘हाफब्रीड’ हे आत्मकथन १९७३ साली आले. त्यातील पणजी चीचम म्हणते की सरकार माणसाचा अभिमान काढून घेते आणि मग लाज झाकायला एक घोंगडे देते. अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक संयोजकाने हे घोंगडे लक्षात ठेवावे. पण खरी कथा पुढे आहे. चौदाव्या वर्षी पोलिसाने आपल्यावर केलेल्या बलात्काराविषयी लेखिकेने लिहिलेला भाग प्रकाशकाने छापण्यापूर्वी काढून टाकला होता. संशोधकांना ती पाने २०१८ साली सापडली आणि २०१९ च्या आवृत्तीत ती परत आली. शेहेचाळीस वर्षे लोकांनी बाईच्या दारूविषयी वाचले, व्यसनाविषयी वाचले, आणि कारण वाचलेच नाही. दुःख छापायचे आणि दुःख देणारा वगळायचा, हीच उपचाराच्या नावाने चालणाऱ्या पुष्कळ कार्यक्रमांची रीत आहे. ‘बलुतं’ने १९७८ साली आणि ‘जिणं आमुचं’ने १९८६ साली आपल्याकडे जे केले त्याचे महत्त्व इथे कळते. त्यांनी वेदनेबरोबर वेदनेचा मालकही दाखवला.

रिचर्ड वागमीज यांची ‘इंडियन हॉर्स’ ही २०१२ सालची कादंबरी तर उपचारकेंद्रातच सुरू होते. सॉल या ओजिब्वे माणसाला तिथे गोल बसून आपली कथा सांगायला सांगतात. त्याला ती बोलता येत नाही, म्हणून तो लिहू लागतो. त्याला निवासी शाळेत तारले ते हॉकीने, आणि हॉकी शिकवणाऱ्या पाद्र्यानेच त्याच्यावर अत्याचार केले. शेवटी तो आजीच्या सरोवराकाठी जातो, पूर्वजांना भेटतो, आणि मग ज्यांनी त्याला प्रेम दिले त्यांच्याकडे, हॉकीच्या मैदानाकडे परत येतो. तयार संचाला हे जमणारे नाही. संच म्हणेल, हॉकी गोऱ्यांची, ती टाक. ढोल तुझा, तो घे. कादंबरी म्हणते, जे मी माझ्या रक्ताने कमावले ते माझे. अंगात कोट-टाय घालून आणि हातात राज्यघटना घेऊन उभा असलेला आपला पुतळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

७

एक कठीण प्रश्न उरतो. संस्कृती समाजाच्या हाती आली म्हणजे ती आपोआप निर्दोष होते काय? १८७६ च्या इंडियन ॲक्टने बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या आदिवासी स्त्रीचे आदिवासीपण काढून घेतले होते. पुरुषाचे मात्र जात नव्हते. जेनेट लाव्हेल यांनी याविरुद्ध दाद मागितली तेव्हा आदिवासींची राष्ट्रीय संघटनाच त्यांच्या विरोधात न्यायालयात उभी राहिली, आणि १९७३ साली त्या हरल्या. सँड्रा लव्हलेस यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत जावे लागले. १९८१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९८५ साली कायदा बदलला. त्यानंतरही काही समूहांच्या नेतृत्वाने परंपरेच्या नावाने या बायकांना परत घ्यायला विरोध केला. परंपरा म्हणून ज्याचा कैवार घेतला जात होता तो गोऱ्यांनी लादलेला कायदा होता!

इथे आंबेडकरी विचाराने त्या मित्रांना काही द्यावे असे आहे. परंपरा आपली आहे एवढे प्रमाणपत्र पुरत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता या कसोटीवर ती घासून घ्यावी लागते. चँडलर-लालोंद यांच्या नंतरच्या खुणांत स्त्रियांच्या कारभाराची खूण आली ती याच कारणाने महत्त्वाची. ज्या वर्तुळात मुलगी ढोलापासून दूर बसवली जाते ते वर्तुळ तिच्यासाठी औषध असू शकत नाही.

आणि त्यांच्याकडून आपण काय घ्यावे? पँथर या शब्दाचा प्रवास आठवावा. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर, १९७१ साली ऑकलंडला पॉलिनेशियन पँथर, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. ब्लॅक पँथरांनी १९६९ पासून मुलांना सकाळची न्याहारी दिली, पुढे दवाखाने काढले. अमेरिकन इंडियन मूव्हमेंटने १९७२ साली मिनियापोलिसमध्ये आपल्या मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. त्यांनी संघर्ष आणि संगोपन यांत भिंत घातली नाही. बाबासाहेबांनीही घातली नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले ते चवदार तळ्याच्या आधी. वसतिगृहात जेवण होते, दिवा होता, सोबत होती, आणि या सगळ्याला एक दिशा होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी जुनी संस्कृती टाकली आणि नवी स्वीकारली, तेव्हा तीही कोणी बहाल केलेली नव्हती. ती निवडलेली होती.

आज आपल्या विद्यापीठांत मुले मरत आहेत. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातली तरुण डॉक्टर गेली. त्या दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली तेव्हा त्यांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाला पायबंद मागितला. शॅननने शाळा मागितली होती. आयांनी आणि मुलीने प्रश्नाचे निदान अचूक केले आहे. समुपदेशनाची खोली हवीच. रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस हवाच. कोणी एकटा पडला असेल तर त्याच्याजवळ आधी बसावे, सिद्धांत नंतर. पण त्या खोलीने ‘तुझे मन दुबळे’ असे सांगू नये, आणि खोलीबाहेरच्या अन्यायाला तिने आडोसा देऊ नये.

गडचिरोलीतील मेंढा या गोंड गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटले, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या गावाने आपले गोटुलही पुन्हा उभारले होते. जंगल आणि गोटुल यांचा लढा त्यांनी वेगळा मानला नाही. चँडलर आणि लालोंद यांच्या सहा खुणा मराठी मुलुखात शोधायच्या असतील तर इथून आरंभ करता येईल.

तेव्हा तरुणांसाठी कुठेही, कोणत्याही नावाने कार्यक्रम निघाला की तीन प्रश्न विचारावेत. काय शिकवायचे हे कोण ठरवते? दुःखाबरोबर दुःख देणाऱ्याचे नाव घेण्याची मुभा आहे काय? आणि मूल जेव्हा ‘मला हे नको’ म्हणेल तेव्हा त्या नकाराला जागा आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर कातडे कमावणेही औषध आहे आणि कातडे टाकणेही. नाही मिळाली, तर चीचम पणजीने सांगितलेले घोंगडे ओळखावे, आणि ते परत करण्याची तयारी ठेवावी.